एका उपसर्गाची झाडाझडती

चैत्र-वैशाखात मूलहून गडचिरोलीकडे किंवा आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहावे. दोन्ही बाजूंना सागाचे नुसते सांगाडे उभे असतात. खाली वाळलेल्या पानांचा थर पडलेला असतो. परगावचा प्रवासी म्हणतो, "जंगल पार वाळून गेलं." शेजारी बसलेला गावकरी म्हणतो, "पानं झडली." दृश्य एकच, पण पहिल्या माणसाला जंगलात मरण दिसते आणि दुसऱ्याला ऋतू दिसतो. दुसऱ्याचे म्हणणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पाचवी-सहावीपासून आपण मुलांना जे शिकवतो ते याच दुसऱ्या वाक्यात आहे, आणि पुष्कळदा आपल्या शिकवण्याने मुले दुसऱ्या वाक्यावरून पहिल्या वाक्याकडे जातात, अशी आमची तक्रार आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी थोडे लॅटिन भाषेत डोकवावे लागेल.

तक्त्यातील एक ओळ

मराठी माध्यमाच्या शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाल्यापासून विज्ञानातील इंग्रजी संज्ञा मुलांच्या वहीत आल्या. त्या पाठ व्हाव्यात म्हणून वर्गाच्या भिंतींवर आणि मार्गदर्शक पुस्तिकांच्या शेवटच्या पानांवर उपसर्गांचे तक्तेही आले. ‘री’ म्हणजे पुन्हा, ‘सब’ म्हणजे खाली, ‘इंटर’ म्हणजे मधील, आणि ‘डी’ म्हणजे नाही किंवा उलट. तक्ता करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. एक उपसर्ग कळला की वीस शब्दांचे दार उघडते, हे खरेच आहे. पण ‘डी’ची ही ओळ अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या ओळीने केलेले नुकसान लवकर लक्षात येत नाही.

आपल्या जंगलाला इंग्रजीत ‘डेसिड्यूअस’ म्हणतात. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतीय वनांचे जे सुधारित वर्गीकरण केले, त्यात चंद्रपूर-गडचिरोलीची बहुतेक वने दक्षिण उष्ण कटिबंधीय पानझडी वनांत मोडतात. काही शुष्क, काही आर्द्र. तक्ता पाठ केलेल्या मुलांना आम्ही ‘डेसिड्यूअस’चा अर्थ विचारून पाहिला आहे. उत्तर येते : "ज्याला पाने नाहीत असे झाड." ‘डी’ म्हणजे नाही, मग दुसरे काय येणार? यावर एकच उपप्रश्न विचारावा : "मग ऑगस्ट महिन्यात सागाच्या झाडाला डेसिड्यूअस म्हणायचे की नाही?" वर्ग गप्प होतो. ऑगस्टमध्ये सागाचे पान सुपाएवढे असते. तरीही झाड पानझडीच असते, कारण ते नाव आज अंगावर पाने आहेत की नाहीत यावरून पडलेले नाही. ते झाडाच्या वर्षभराच्या वागण्यावरून पडले आहे.

‘दे’ म्हणजे ‘वरून’

लॅटिनमध्ये ‘दे’ हा उपसर्ग आहे, तसाच तो स्वतंत्र शब्दही आहे. त्याचा मूळ अर्थ वरून खाली, एखाद्या जागेपासून दूर. त्यातूनच ‘एखाद्या गोष्टीविषयी’ असा दुसरा अर्थ निघाला. म्हणून जुन्या शास्त्रीय ग्रंथांची नावे ‘दे’ने सुरू होतात. १५४३ या एकाच वर्षी कोपर्निकसचा खगोलांच्या परिभ्रमणांविषयीचा ग्रंथ आणि व्हेसेलियसचा मानवी शरीराच्या रचनेविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन्ही नावांच्या आरंभी ‘दे’ आहे. १६०० साली गिल्बर्टने चुंबकावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावही ‘दे मॅग्नेते’, म्हणजे चुंबकाविषयी. तक्त्याप्रमाणे अर्थ लावला तर त्याचे नाव ‘चुंबक नाही’ असे होईल!

‘वरून खाली’ आणि ‘विषयी’ हे दोन अर्थ एका शब्दात कसे राहतात, असे कोणी विचारील. मराठी माणसाला हे कोडे पडण्याचे कारण नाही. झाडावरून पान पडले, असे आपण म्हणतो, आणि बांधावरून भांडण झाले, असेही म्हणतो. दोन्हीकडे ‘वरून’च आहे. लॅटिनच्या ‘दे’चा मराठीतील खरा सोबती शोधायचा तर तो संस्कृत उपसर्गांच्या यादीत शोधण्याआधी या रोजच्या ‘वरून’मध्ये शोधावा. फरक इतकाच, की लॅटिन भाषा तो शब्द नामाच्या आधी ठेवते आणि मराठी मागे.

आता ‘डेसिड्यूअस’ उघडून पाहू. ‘दे’ म्हणजे वरून खाली, आणि ‘कादेरे’ म्हणजे पडणे. जोडताना ‘का’चा ‘कि’ झाला आणि ‘देकिदेरे’ हे क्रियापद तयार झाले : वरून खाली पडणे, गळणे. त्यापासून ‘देकिदुउस’ हे विशेषण झाले, म्हणजे गळणारे, झडणारे. ‘पानझडी’ या आपल्या शब्दात नेमके हेच आहे, आणि शिवाय काय झडते तेही सांगितले आहे. हिंदीत आणि काही जुन्या मराठी लेखनात दिसणारा ‘पर्णपाती’ हा शब्द चुकीचा नाही. पण झडणे हे क्रियापद मुलाने अंगणात ऐकलेले असते, ‘पात’ ऐकलेला नसतो. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘पानझडी वने’ हा शब्द रुजवला, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

एका ‘डी’चे तीन धंदे

हा उपसर्ग इंग्रजीत येईपर्यंत त्याचे निदान तीन वेगळे उपयोग रूढ झाले होते. तिन्हींची उदाहरणे आपल्या जंगलातच मिळतात.

पहिला उपयोग मूळचाच, वरून खाली येण्याचा. ‘डेसिड्यूअस’ हे एक उदाहरण. ‘डिसेंड’ म्हणजे उतरणे हे दुसरे. ‘डिपेंड’ हे तिसरे : ‘पेन्देरे’ म्हणजे लोंबणे, आणि ‘डिपेंड’ म्हणजे एखाद्या गोष्टीला वरून खाली लोंबत राहणे. ‘अवलंबून’ हा आपला शब्दही ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘लंब’ म्हणजे लोंबणे असाच बनला आहे. येथे कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. दोन भाषांना एकच चित्र सुचले.

दुसरा उपयोग काढून टाकण्याचा. फ्रेंच भाषेत लॅटिनचा ‘दे’ आणि ‘वेगळे, अलग’ या अर्थाचा ‘दिस’ हे दोन उपसर्ग उच्चाराने एकमेकांत मिसळले. तो मिसळलेला माल इंग्रजीत आल्यावर ‘डी’ला उलट करण्याचा, हिरावून घेण्याचा अर्थ पक्का चिकटला. सागाच्या जंगलात याचे ठळक उदाहरण आहे. पावसाळ्याच्या आरंभी सागाला कोवळी पाने येतात, तेव्हा ‘हिब्लिया प्यूएरा’ नावाच्या पतंगाच्या अळ्या ती खातात आणि बहुधा मधली शीर तेवढी शिल्लक ठेवतात. या किडीला इंग्रजीत ‘टीक डीफोलिएटर’ म्हणतात. ‘फोलिउम’ म्हणजे पान, म्हणून डीफोलिएटर म्हणजे पाने काढून टाकणारा. पावसाळ्यात पुढे येणारी दुसरी एक अळी पानाचा गर खाऊन शिरांची जाळी ठेवते, तिला ‘स्केलेटनायझर’ म्हणतात.

आता दोन झाडे शेजारी ठेवून पाहा. एप्रिलमधील उघडा साग आणि जुलैमध्ये अळीने उघडा केलेला साग. दोघांवरही पाने नाहीत आणि दोघांच्याही इंग्रजी वर्णनाच्या आरंभी ‘डी’ आहे. पण पहिल्या झाडाने पान आपण होऊन सोडले आहे. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, पुढे जमीन सुकत जाते, आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी रुंद पानांतून पाणी उडू देणे झाडाला परवडत नाही. म्हणून झाड पानातील नायट्रोजन, फॉस्फरस यांसारख्या द्रव्यांचा बराच भाग आधी खोडाकडे ओढून घेते, देठाच्या तळाशी सहज सुटणाऱ्या पेशींचा एक थर तयार करते, आणि मग पान गळते. हा झाडाचा काटकसरीचा हिशेब आहे. दुसऱ्या झाडाला असा हिशेब करायला सवडच मिळालेली नाही. पानातील सारा माल अळीच्या पोटात गेला. ते झाड सहसा मरत नाही, पुन्हा पालवते, पण वाढ खुंटते. केरळात निलांबूर येथील कोवळ्या साग-लागवडीत या किडीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत सुमारे ४४ टक्के घट येते, असे तेथील वनसंशोधकांनी मोजले होते. ‘डी म्हणजे नाही’ एवढेच शिकलेल्या मुलाला ही दोन्ही झाडे सारखीच वाटणार.

तिसरा उपयोग आणखी फसवा आहे. कधी कधी ‘दे’ म्हणजे ‘पुरतेपणी, शेवटपर्यंत’. शाळेच्या प्रयोगशाळेत जाड काचेचे झाकणाचे भांडे असते, तो ‘डेसिकेटर’. ‘सिक्कुस’ म्हणजे कोरडा. तक्त्याप्रमाणे ‘डेसिकेटर’ म्हणजे ‘कोरडे न करणारा’ असे होईल. प्रत्यक्षात तो अगदी कोरडे करून ठेवणारा आहे. ‘डीन्यूडेशन’ या भूगोलातील शब्दातही तेच आहे. ‘नूदुस’ म्हणजे उघडा, आणि ‘डीन्यूड’ म्हणजे पुरते उघडे करणे. झाडे गेल्यावर टेकडीवरची माती वाहून खडक उघडा पडतो, तो हा प्रकार. त्याचा अर्थ कोणी ‘उघडे नाही’ असा लावला, तर भूगोलाचा धडाच उलटा होईल.

आणि काही शब्द तर या घरचे नाहीतच. ‘डेसिमल’मधील ‘डेसि’ हा लॅटिनमधील दहा या आकड्याचा वंशज आहे. ‘डेल्टा’ हे ग्रीक अक्षर आहे. आपल्या जंगलातील मानवेल बांबूचे शास्त्रीय नाव ‘डेंड्रोकॅलामस स्ट्रिक्टस’, त्यातील ‘डेंड्रॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत झाड. आरंभीचे अक्षर सारखे दिसले म्हणून उपसर्ग तोडायला जाऊ नये, हेही तक्त्यात कोठे लिहिलेले नसते.

कोळशाच्या ढेकळातील तीन शब्द

चंद्रपूरच्या मुलांसाठी याहून चांगला धडा त्यांच्या पायाखाली आहे. बल्लारपूर, घुग्गुस, माजरी या भागांतील दगडी कोळसा गोंडवन काळातील आहे. त्याच्या थरांबरोबर ‘ग्लॉसॉप्टेरिस’ या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. ही झाडे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी वाढत होती. त्यांची पाने थराथराने, गठ्ठ्यांनी सापडतात, आणि त्या काळच्या लाकडांत ऋतुमान दाखवणारी वलये दिसतात. यावरून ग्लॉसॉप्टेरिस बहुधा पानझडी असावे, असे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे कोळशाच्या एका ढेकळात आपल्या उपसर्गाचे तीन शब्द बसले आहेत. पाने झडली, हे ‘डेसिड्यूअस’. ती दलदलीच्या पाण्यात, हवेविना पडून राहिली, म्हणून पुरती कुजली नाहीत. कुजणे म्हणजे ‘डिके’, आणि गंमत म्हणजे हा शब्दही त्याच ‘दे’ आणि ‘कादेरे’पासून फ्रेंचमार्गे आलेला, ‘डेसिड्यूअस’चा सख्खा भाऊ आहे. एक पान पडण्याबद्दल बोलतो, दुसरा देह पडण्याबद्दल. शेवटी थरावर थर बसत गेले, हे ‘डिपॉझिट’. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘डिपॉझिट’ म्हणजे खाली ठेवणे. बँकेतील ठेवीलाही हाच शब्द आहे, आणि मराठीतही दोन्हीकडे ‘ठेव’ चालतो. तिन्ही शब्दांत ‘नाही’ कोठेच नाही. तिन्हींत खाली येणे आहे.

नागपूरचा एक मोठा प्रयत्न

‘एका उपसर्गाला एक अर्थ’ ही ओढ केवळ भिंतीवरच्या तक्त्याची नाही. तिच्यामागे एक मोठा आणि आदरणीय प्रयत्न उभा आहे, आणि तो आपल्या भागाशी जवळून जोडलेला आहे. १९५६ पर्यंत चांदा जिल्हा मध्यप्रांतात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. तेथेच डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत प्रांतिक सरकारच्या पाठिंब्याने शास्त्रीय परिभाषेचे प्रचंड काम केले. त्यांचा हिशेब सुटसुटीत होता. संस्कृतातील सुमारे ५०० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय यांच्या जुळणीतून लाखो शब्द घडवता येतात. परक्या उपसर्गाला शक्यतो ठरलेला संस्कृत उपसर्ग लावला, की शब्दांची कुळे जशीच्या तशी उतरतील. ऑक्सिजनला ‘जारक’, कार्बनला ‘प्रांगार’ ही त्यांचीच नावे. ती टिकली नाहीत. पण पद्धतशीर शब्द घडवण्याची जी शिस्त त्यांनी घालून दिली, तिचा ठसा पुढच्या परिभाषेवर राहिला. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने शास्त्राशास्त्राचे परिभाषा कोश काढले. त्यांनी लोकांतील शब्दांना अधिक जागा दिली. तरीही संस्कृत उपसर्गांवरचा भर राहिलाच.

या पद्धतीचे गुण आम्ही नाकारत नाही. ‘विघटन’ हा शब्द पाहा. ‘घटन’ म्हणजे जुळणी आणि ‘वि’ने ती सुटी केली. ‘डीकम्पोझिशन’ला याहून नेटका शब्द सापडणे कठीण. पण एकास एक जुळणी दोन ठिकाणी फसते. एक तर लॅटिनच्या ‘दे’ला तीन धंदे आहेत, हे आपण पाहिले. दुसरे असे, की आपले उपसर्गही एकमार्गी नाहीत. ‘वि’ विघटनात सुटे करतो, विज्ञानात मात्र विशेषपणा आणतो. उतारूही तीन वाटांचा आणि गाडीही तीन वाटांची, मग एकाच तिकिटावर प्रवास कसा व्हावा?

सर्वांत जास्त चूक ‘निर्’मुळे होते असे आम्हांस वाटते. ‘डी’ला ‘निर्’ ही जोडी आता जवळजवळ यांत्रिक झाली आहे. ‘डीहायड्रेशन’चे झाले ‘निर्जलीकरण’. ‘निर्’ म्हणजे अजिबात नसणे, त्यामुळे निर्जलीकरण म्हणजे पाणी संपणे असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात हगवण लागलेल्या लहान मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके पाणी गेले, तरी जीव धोक्यात येतो. तहान, कोरडी जीभ, खोल गेलेले डोळे ही लक्षणे दिसू लागताच मीठ-साखरेचे पाणी सुरू करायचे असते, पाणी संपण्याची वाट पाहायची नसते. गावातील आजीला या अवस्थेचे नाव ठाऊक आहे : "पोराला शोष पडला." ‘शोष’ हा शब्द हळूहळू सुकत जाणे सांगतो, म्हणून तो शास्त्रालाही अधिक जवळचा आहे. आरोग्याच्या धड्यात ‘निर्जलीकरण’ असेल, तर त्याच ओळीत शिक्षकांनी ‘शोष पडणे’ उच्चारलेच पाहिजे.

जंगल ‘उतरते’, की ‘काढले जाते’?

‘निर्’चा दुसरा बळी आपले जंगलच आहे. ‘डीफॉरेस्टेशन’ म्हणजे जंगल काढून टाकणे. उघड्या खाणीसाठी आधी झाडे, मग माती, मग खडक काढतात, तेव्हा हा शब्द पुरेपूर लागू पडतो. तेथे मुळेही उरत नाहीत. ‘डिग्रेडेड’ मात्र वेगळा शब्द आहे. ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी, आणि ‘डिग्रेड’ म्हणजे पायरी उतरणे. त्याला मराठीत ‘अवनत’ म्हणतात आणि येथे ‘अव’ अगदी बरोबर बसला आहे. जे पायरी उतरले ते पायरी चढू शकते. हे निव्वळ शब्दांवरचे समाधान नाही. तेंदूचे झाड तोडले तरी त्याच्या मुळांतून फुटवे येतात. सागाचा बुंधाही पुन्हा फुटतो. वणवा आणि गुरे यांपासून काही वर्षे राखले, तर असे रान पुन्हा उभे राहू शकते. १ जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकाने अवनत वनांच्या पुनरुज्जीवनात गावांना सहभागी करून घेण्याची वाट उघडली, ती याच आशेवर. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगल राखणाऱ्या गावाला त्याचा उपभोगही घेता येतो, हे तेथे सर्वांना दिसले.

पण बोलताना आपण दोन्हींना सरसकट ‘जंगल नष्ट झाले’ म्हणतो. त्यात आणखी एक भर आहे. एखादी जमीन वन या नोंदीतून कागदोपत्री वगळणे, यालाही शासकीय भाषेत ‘निर्वनीकरण’ म्हणतात. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनींचा वाद कित्येक वर्षे चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच आहेत, असा निर्णय दिला. झाडे तोडणे आणि नोंद बदलणे या दोन क्रियांना एकच शब्द असेल, तर ग्रामसभेत बसलेल्या माणसाला कशाला हो म्हणायचे आणि कशाला नाही, हे कसे कळावे? दहावी झालेला मुलगा गावात असे कागद वाचून दाखवतो. त्याला आपण ‘डी म्हणजे नाही’ एवढेच शिकवून पाठवले असेल, तर तो हे दोन अर्थ वेगळे करू शकणार नाही.

मग शिकवावे कसे?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गडचिरोलीतील कित्येक मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आहे. या द्राविड कुळातील भाषा आहेत. द्राविड भाषांत शब्दाला मागे प्रत्यय जोडत जातात. पुढे उपसर्ग लावण्याची रीत त्यांच्यात मूळची नाही. ज्या मुलाच्या भाषेत उपसर्ग ही वस्तूच नाही, त्याला आधी संस्कृत उपसर्गांचा आणि मग लॅटिन उपसर्गांचा तक्ता देणे म्हणजे एका अनोळखी गोष्टीने दुसरी अनोळखी गोष्ट समजावणे होय.

मग मधला पूल कोणता? तो मराठीच्या रोजच्या बोलण्यात आहे. आपण जेथे ‘डी’ लावला जातो तेथे क्रियापदाच्या मागे दुसरे क्रियापद जोडतो. पाने झडून जातात : आपोआप घडले. अळीने पाने खाऊन टाकली : कोणी तरी केले. गोळ्या सुकवून ठेवल्या : पुरतेपणी केले. ‘जाणे’, ‘टाकणे’, ‘ठेवणे’ ही तीन क्रियापदे आपल्या उपसर्गाचे तिन्ही धंदे वेगवेगळे करून दाखवतात, आणि जे लॅटिन उपसर्ग सांगत नाही तेही सांगतात : हे कोणी केले?

म्हणून आमची सूचना अशी. तक्ता फाडू नका, त्यातील ‘डी’ची ओळ तेवढी बदला. ‘नाही’च्या जागी तीन प्रश्न लिहा : वरून खाली आले का? काढून टाकले का? पुरतेपणी झाले का? नवा शब्द आला की मुलांनी तिन्ही प्रश्न लावून पाहावेत, आणि मग तो शब्द ‘जाणे’, ‘टाकणे’ किंवा ‘ठेवणे’ वापरून एका साध्या वाक्यात सांगावा. गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांना तेच वाक्य त्यांच्या भाषेत म्हणायला लावावे आणि फळ्यावर देवनागरीत लिहावे. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर त्या दिवशी मूल शिक्षक होईल. त्यात बिघडत काहीच नाही.

याला जोडून वर्षभराचा एक उपक्रम घेता येईल. शाळेजवळची पाच झाडे निवडावीत : साग, मोह, पळस, तेंदू, ऐन. दर पंधरवड्याला प्रत्येकाची तीन ओळींत नोंद ठेवावी : पाने पडत आहेत का, फुले आली का, नवी पालवी कधी आली. पळस आणि मोह पाने उतरवून फुलतात, साग पाने घेऊन पावसात फुलतो, हे मुलांना आपोआप कळेल. जुलै-ऑगस्टमध्ये सागाची पाने अळीने खाल्लेली दिसली, तर तीही नोंद करावी आणि शीर तेवढी उरली की जाळी उरली, हे लिहावे. वर्षाच्या शेवटी ‘डेसिड्यूअस’चा अर्थ पाठ करण्याची गरज उरणार नाही.

शेवटी एक शब्द राहिला. शब्दांच्या उगमाला इंग्रजीत ‘डेरिव्हेशन’ म्हणतात. त्यातही आपला ‘दे’ आहे. ‘रीवुस’ म्हणजे ओढा, आणि लॅटिन ‘देरीवारे’ म्हणजे ओढ्यातून पाणी काढून वळवणे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांतील माजी मालगुजारी तलावांवर धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या क्रियेचे नाव विचारा. तो सांगेल, पाट काढणे. उगमापासून आपल्या बांधापर्यंत पाणी कसे येते, कोठे झिरपते, कोठे अडते, हे त्याला पाऊल न् पाऊल ठाऊक असते. शब्दांचेही तसेच शिकवावे. तलाव लॅटिनचा असेल, पण पाट मुलाच्या वाफ्यापर्यंत पोचला पाहिजे.